शितावरून फोटो

नागपूरच्या प्रताप नगरात ज्या घरचा मुलगा आयटी पार्कात जातो, त्या घरी शेजाऱ्यांची कामं न बोलावता येतात. प्रिंटर अडलाय, टीव्हीला वायफाय सापडेना, लग्नाचा फोटो मेलवर जाईना. मुलगा जावा लिहितो, हे सांगून सुटका नाही. "जावावर बँका चालतात म्हणतोस अन् एक फोटू लहान होत नाही काय रे तुझ्यानं?"

काकूंचा टोमणा वर्मी बसतो, कारण मोठा फोटो झटपट लहान करणं जावात खरंच अवघड होऊन बसतं. लग्नातला ६००० बाय ४००० चा फोटो फाइलमध्ये काही एमबींत दाबून बसवलेला असतो. उघडला की त्याचे २ कोटी ४० लाख ठिपके, दर ठिपक्याला ४ बाइट धरले, तर ९६ एमबी. असे दहा फोटो एकदम उघडले आणि प्रोग्रामच्या वाट्याला मेमरी बेताचीच असली, की तो मेमरी संपल्याचं सांगून अंग टाकतो.

जावात यासाठी 'गेटस्केल्डइन्स्टन्स' ही जुनी सोय आहे. ती नव्वदच्या दशकातली, चित्रं मोडेमवरून रखडत यायची तेव्हाची. थांबून राहणं तिच्या हाडीमाशी खिळलंय. 'स्मूथ' सांगितलं, की ती एकेका ठिपक्याची विचारपूस करून सरासरी काढते. चित्र देखणं येतं, पण तोवर आपला चहा होतो. घाईची बायलिनियर पद्धत फक्त चार शेजारी ठिपके बघते. एका उडीत दहापट लहान केलं तर बाकीच्यांना कोणी विचारतच नाही आणि शालूच्या जरीकाठाला करवतीचे दात फुटतात. २००७ मध्ये सन कंपनीच्या ख्रिस कॅम्पबेल यांनी मधला मार्ग मांडला: निम्मं करा, मग पुन्हा निम्मं. प्रत्येक फेरीत चौघांपैकी चौघांनाही विचारलं जातं आणि तरीही काम लवकर उरकतं.

मला मात्र आवडतो तो आळशी उपाय. फाइल वाचतानाच दर आठवी ओळ आणि तिच्यातला दर आठवा ठिपका तेवढा घ्यायचा. मेमरीत चौसष्टावा हिस्साच येतो. शितावरून भाताची परीक्षा! नेमका खडा हाती लागला, तर नवरदेवाच्या डोळ्याचं काही सांगता येत नाही. म्हणून थोडं जास्त उचलावं आणि शेवटची फेरी नीट करावी.

इथून जवळच, व्हीएनआयटीच्या आवारात, १९८८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. तिथल्या उपग्रहचित्रांपुढे आपला लग्नाचा फोटो म्हणजे पोस्टाचं तिकीट. कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या कॅमेऱ्याची एकेक ओळच १२,००० ठिपक्यांची. म्हणून या धंद्यातले लोक ऐन वेळी चित्र लहान करतच नाहीत. निम्मं, पाव, अष्टमांश अशी उतरंड आधीच रचून ठेवतात. सगळी उतरंड मिळून जागा जास्तीची लागते ती मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश.

उलटं काम, म्हणजे लहानाचं मोठं, तेवढं कोणाला जमत नाही. गेलेले ठिपके परत येत नसतात. पण हे फ्लेक्सवाल्यांना कोण सांगणार? व्हॉट्सॲपवरून आलेला भाऊंचा फोटो ते बिनदिक्कत दहा फुटी ताणतात, आणि त्यांना कधी मेमरीही कमी पडत नाही.