गुण सालीत, तात्या गरात

आयुष्यभर तलाठ्याची नोकरी केल्यामुळे असेल, पण फळ समोर आलं की आधी त्याचा सातबारा काढायचा ही आमच्या कोरेगावच्या तात्यांची खोड. तासगावच्या काळ्या द्राक्षावर रेझव्हेराट्रॉलचा बोजा, डाळिंबावर प्युनिकॅलॅजिनची नोंद, आंब्याच्या इतर हक्कात मँजिफेरिन. एसटी स्टँडाजवळ पाटी घेऊन बसलेल्या बाईला एकदा म्हणाले, "या जांभळांत अँथोसायनिन असतं बरं का." ती घाबरली. "न्हाई वो तात्या, आमी कसली फवारणी मारत न्हाई."

ही विद्या आली ती साखरेपाठोपाठ. डॉक्टरांनी आंबा, चिकू, द्राक्षं यांवर काट मारली आणि त्याच रात्री तात्यांनी मोबाइलवर अभ्यास सुरू केला. आठवड्याभरात सिद्ध झालं, की जे फळ त्यांना आवडतं त्यात साखरेवरचा उतारा निसर्गानं आधीच घालून ठेवलाय. पपई तेवढी यातून वगळली. ती त्यांना लहानपणापासून आवडत नाही.

अभ्यास खोटा नव्हे. पंचाईत एवढीच, की या द्रव्यांचा मुक्काम बहुधा गैरसोयीच्या ठिकाणी. रेझव्हेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत, प्युनिकॅलॅजिन मुख्यतः डाळिंबाच्या टरफलात, मँजिफेरिन गरापेक्षा आंब्याच्या सालीत, कोयीत आणि पानांत जास्त. तात्या मात्र गरावर थांबतात. कोय चोखतात, फोडत नाहीत. टोमॅटोतलं लायकोपीन तेलात शिजवलं की अंगी जास्त लागतं, हे त्यांनी काकूंना मोठ्या गांभीर्यानं सांगितलं. काकू चाळीस वर्षं टोमॅटोची भाजी तेलातच परततात.

जून लागला, जांभळं आली, की तात्यांना उधाण येतं. "अगं, जरंडेश्वरावर मारुतीनं द्रोणागिरीचा तुकडा टाकलाय. आपल्या मातीतच औषध!" लोक तसं सांगतात खरं, पण मारुतीनं पर्वत लक्ष्मणासाठी उचलला होता, आणि लक्ष्मणाला रोज दुपारी आमरस लागत नव्हता. जांभळाच्या बीवर प्रयोग झालेत तेही बरेचसे उंदरांवर. त्यांचं जेवण मोजून घालतात. तात्यांचं कोण मोजणार?

काकू मोजतात. काट मारलेल्या यादीत जांभूळ नव्हतं. काकूंनी पावशेरापर्यंत मुभा दिली होती. एका संध्याकाळी तात्या तोंड मिटूनच घरात शिरले. काय विचारलं तरी नुसतं "हूं." जीभ दाखवायची सोय नव्हती. पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी निळसर डाग, मोरीत घाईनं साबण चोळलेला. "पेनाची शाई गळली," तात्या शेवटी दातांआडून म्हणाले. काकूंनी अर्धं लिंबू आणून डागावर पिळलं. निळा डाग बघता बघता गुलाबी झाला. आंबट लागलं की अँथोसायनिन लालसर होतं आणि साबणासारख्या क्षारानं निळं पडतं, हे ज्ञान गेल्याच जूनमध्ये तात्यांनी ओट्याशी उभं राहून, फुकट, न विचारता दिलं होतं.

"किती?"

"अर्धा किलो. पण पाटीवालीनं मीठ लावून दिली, त्यामुळे..."

मिठानं नेमकं काय होतं ते त्यांना पटकन सुचेना.

मग तपासणी आली. आधीचे दोन दिवस भात सोडून साखर सरळ करता येते, असा तात्यांचा जुना अनुभव. पण यावेळी डॉक्टरांनी एचबीए१सी करायला लावली. ती मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब काढते, म्हणजे अख्खा आंब्याचा हंगाम त्यात आला. तलाठ्याच्या दप्तरालाही एवढी चोख नोंद जमत नाही. रिपोर्ट बघून तात्या बराच वेळ चष्मा पुसत बसले.

काकूंनी वाद घातला नाही. तात्यांनी थुंकलेल्या बिया त्या महिनाभर गोळा करून माळ्यावर वाळवत होत्या. त्या कुटल्या, वस्त्रगाळ केल्या आणि चमचाभर पूड पाण्यासह पुढं ठेवली. तुमचं ते जे काय आहे ते यातच असतं ना, घ्या. तात्यांनी जिभेच्या टोकाला लावून पाहिली. कडूजहर, वर तुरट. तोंड आवळलं. पण विद्या ऐन वेळी धावून आली.

"यात टॅनिन फार. टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. माझं रक्त कमी व्हायचं."

काकू आत गेल्या आणि फडताळातून सुनेच्या लोहाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या.

"ही दुपारी देते. आत्ता आ करा."