तीन कुंबळे, एक सचिन

आमच्या वालूर गावात नव्वदच्या दशकात एका सचिनला तीन कुंबळे असा भाव होता. श्रीनाथ द्यायचे तर चार लागत. वेंकटपती राजू सौद्यात भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा वर टाकायचा, त्याचे वेगळे पैसे धरायचे नाहीत. सेलूच्या मोंढ्यात मालाचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आमचा भाव मात्र वर्षानुवर्षं जागचा हलला नाही.

हा भाव पत्त्यांचा. पत्ते म्हणजे ट्रम्प कार्ड. वर खेळाडूचा फोटो, खाली आकड्यांची यादी, आणि चड्डीच्या खिशात राहून घामाने फुगलेले, कोपऱ्यांचे कान झालेले. सौदे पारावर चालत.

"तीन कुंबळे घे, सचिन दे."

"कामून? तिसऱ्या कुंबळेचं काय करू मी?"

"ठेव की. काढील एखाद्या दिशी धाच्या धा विकेटा."

यावर पारावरचे सगळे हसायचे.

बॉलरची ही गत का, याचं पहिलं उत्तर पत्त्यावरच छापलेलं होतं. खेळ सोपा: आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता उचलायचा. आता पुकारायला काय काय? रन्स, हायेस्ट स्कोअर, सेंच्युरी, फिफ्टी, बॅटिंग ॲव्हरेज. इथवर येईपर्यंत बिचारा बॉलर पाचदा मेलेला. त्याच्या वाट्याला खाली विकेट आणि बेस्ट बॉलिंग. तेही पुकारायची पाळी आपली असेल तर. समोरच्याची असेल तर तो कशाला विकेट म्हणतोय? आणि सचिनच्या पत्त्यावर विकेटाही होत्या. म्हणजे घरचा मालक तोच आणि सालगडीही तोच.

'बेस्ट बॉलिंग'वरून तर एकदा मारामारी व्हायची राहिली. माझ्याकडे कुंबळे, ६/१२. हीरो कपच्या फायनलला, नोव्हेंबर १९९३ मध्ये, ईडन गार्डन्सवर त्याने वेस्ट इंडिजची केलेली दैना. चुलतभावाकडे पाकिस्तानचा आकिब जावेद, ७/३७. तेही आपल्याच विरुद्ध, शारजात. तो म्हणाला, सात विकेट मोठ्या. मी म्हणालो, साताखाली सदतीस दिसत नाहीत का? अपूर्णांक काढ. सहा भागिले बारा म्हणजे अर्धा. सात भागिले सदतीस पाचव्या हिश्श्यालाही पोचत नाही. प्रकरण गणिताच्या गुरुजींकडे गेलं. त्यांना क्रिकेटचं वावडं होतं. त्यांनी दोन्ही पत्ते चष्मा वर करून पाहिले आणि निकाल दिला, "अर्धा मोठा." अशा रीतीने कुंबळेने आकिब जावेदला उचललं. त्याच्या फिरकीचा यात काही संबंध नव्हता.

दुसरं उत्तर फोटोत होतं. बॅट्समनचा फोटो काढावा तर डावा गुडघा वाकलेला, कोपर उंच, नजर चेंडूमागे. भिंतीला लावला तर आजीही हरकत घेत नसे. बॉलर नेमका चेंडू सोडताना पकडलेला असतो: गाल फुगलेले, डोळे बाहेर, जीभ एका बाजूला. असा माणूस अभ्यासाच्या टेबलासमोर कोण लावील?

७ फेब्रुवारी १९९९ ला मात्र कोटलावर कुंबळेने खरोखरच पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेटा काढल्या, ७४ रन्समध्ये. वालूरचा बाजार हादरला. दुसऱ्या दिवशी दोन कुंबळेंना सचिन मागणारे निघाले. मग कुणीतरी ध्यानात आणून दिलं की पत्ता जुना आहे, वनडेचा आहे, त्यावर ६/१२ च आहे आणि दहा विकेट पुकारता येणार नाहीत. भाव परत तीनावर.

गंमत म्हणजे अमेरिकेतही हेच रडगाणं आहे. तिकडे बेसबॉलच्या पत्त्यांचा मोठा व्यापार चालतो, आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरचा पत्ता फटकेबाजाच्या पत्त्यापुढे सहसा पडेल. मिकी मँटल या फटकेबाजाचा १९५२ चा पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या वर गेला. कारणंही आपल्या पारावरची: फटकेबाज रोज मैदानात, सुरुवात करणारा पिचर पाच दिवसांत एकदा, त्यात त्याचा खांदा कधी दगा देईल याचा नेम नाही. आपल्याकडे तरी काय, वनडेत दहा षटकं झाली की बॉलरने गपगुमान सीमारेषेवर जायचं. बॅट्समनला कुणी म्हणतं का, तुझे साठ चेंडू झाले, आता बस? बेब रूथचा १९१४ चा एक पत्ता डिसेंबर २०२३ मध्ये बहात्तर लाख डॉलरला विकला गेला, आणि त्या पत्त्यावरचा रूथ एकोणीस वर्षांचा डावखुरा पिचर आहे. झाली का बॉलरची सोय? नाही. पुढे त्याने हातात बॅट धरून ७१४ होमरन मारले, म्हणून हा भाव. पिचरच राहिला असता तर आमच्याकडे कोथिंबिरीत आला असता.

आकड्यांचा अन्याय तर विचारू नका. कसोटीत मुरलीधरनच्या ८०० विकेटा. त्याच्या वर आजवर कुणी गेलं नाही. आणि जन्मभरात आठशे रन्स केलेल्या बॅट्समनला लोक विचारतात, "तुम्ही खेळत होतात का?" आपला चंद्रशेखर ५८ कसोटी खेळला: २४२ विकेटा, १६७ रन्स. रन्सपेक्षा विकेटा जास्त! त्याने देशाला सामने जिंकून दिले, पण 'रन्स' पुकारली की त्याला शेंबडं पोरही उचलणार.

पण माझ्या मते खरी गोम बॅट कुणाची, यात आहे. गावात बॅट एकच असे आणि ती मालकाच्या पोराची. म्हणून ओपनिंग त्याची, आऊट झाला की "ट्राय बॉल होता" तो त्याचाच. आम्ही बॉलर. त्याने चेंडू बारवेकडे टोलवला की आणायला जायचं तेही आम्हीच. आज वालूरच्या बारवेच्या गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्या बघायला लांबून लोक येतात. तेव्हा ती गाळाने आणि झुडपांनी भरलेली, आणि खाली काय हलतंय याचा अंदाज घेत चेंडू शोधावा लागे. मालक वर बॅटीवर रेलून उभा.

हा रिवाज काही आम्ही काढला नाही. इंग्लंडात घरंदाज 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' असे दोन वर्ग १९६२ पर्यंत कागदोपत्री होते, आणि घाम गाळून बॉलिंग करायची ती बहुधा पगारी माणसाने. आपल्याकडे पुण्यात बॉलर पालवणकर बाळू गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकत. ग्रेग नावाचा साहेब आपल्याला बाद केलं की दर खेपेला आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. त्या नेटमध्ये बॅट मात्र बाळूंच्या हाती कुणी एकदाही दिली नाही. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही ते जातीमुळे, त्याला दुसरं कारण शोधू नये. पुढे १९२३ मध्ये ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. विठ्ठल बॅट्समन होते, एवढं आपलं मी नोंदवून ठेवतो.

मालकाचं ते पोर, म्हणजे माझा तोच चुलतभाऊ, आता दुकान चालवतो. परवा त्याला म्हटलं, आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींचा पत्ता निघायला हवा होता. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ मेडन, ५ रन्स. ओळीने २१ षटकं मेडन, १३१ चेंडूंत एक रन नाही.

"विकेटा किती?"

"शून्य."

"मग बेस्ट बॉलिंग शून्याखाली पाच." गुरुजींचं गणित तो विसरला नव्हता. "पुकारायचं काय त्यात? मेडनचा रकाना असता तर पाकीट कुणी इकत घेतलं असतं का?"

मी सांगितलं, त्याच मालिकेत पुढे कानपूरला नाडकर्णींनी नाबाद १२२ काढल्या होत्या.

"एकशे बावीस?" त्याने तराजूतलं वजन खाली ठेवलं. "आधी नाही का सांगायचं. मग चालतंय की."