आपलंच रक्त, आपलंच डोकं

हातखंब्याच्या तिठ्यावरून एक रस्ता मुंबईला जातो, एक गोव्याला आणि एक रत्नागिरीला. तिन्हीकडून येणारा माणूस केसांत धूळ घेऊनच उतरतो. धूळ बसायलाही केस उरले नाहीत अशांसाठी आता शहरोशहरी पीआरपी नावाचा उपाय निघाला आहे. परवा तिठ्यावर चहा घेता घेता त्याची उलटतपासणी झाली. विरळ डोक्याचा एक तरुण माहिती देत होता, एक निवृत्त गुरुजी प्रश्न विचारत होते.

“रक्त कुणाचं?”

“आपलंच.”

“घालतात कुठे?”

“आपल्याच डोक्यात.”

“मग पैसे कसले रे?”

“मधे फिरवतात ना, गुरुजी!”

खरोखरच शास्त्र एवढंच आहे. हातातून दहा-वीस मिलिलिटर रक्त काढायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. तांबड्या पेशी तळाला बसतात. वरच्या पिवळसर द्रवातून नेहमीच्या तीन ते पाच पट दाट प्लेटलेट वेगळ्या काढायच्या आणि टाळूत सुईने टोचायच्या. जखम भरताना प्लेटलेट जी वाढीची द्रव्यं सोडतात, त्यांनी केसांची मुळंही जागी होतील अशी आशा. महिन्या-महिन्याने तीन-चार बैठका, मग दर सहा-बारा महिन्यांनी ‘मेंटेनन्स’. पावसाळ्यात डेंगीचा ताप आला की याच प्लेटलेटचा आकडा घरचे सकाळ-संध्याकाळ विचारतात आणि पपईची पानं वाटत बसतात. धडधाकट माणूस मात्र त्या स्वतःहून काढून देतो, आणि वर पैसेही मोजतो.

गुण येतो का? काहींना येतो. केस नुसते पातळ होत असतील, मुळं जिवंत असतील, तर थोडा दाटपणा येऊ शकतो. गुळगुळीत टकलावर पिंपभर प्लेटलेट ओतल्या तरी काही उगवत नाही. रक्त किती घ्यावं, किती वेगाने आणि किती वेळा फिरवावं, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. एकमत आहे ते जाहिरातींत: उपचारापूर्वीचा फोटो अंधारातला आणि रडवेला, नंतरचा उजेडातला आणि हसरा.

टक्कल रोखण्याचा पक्का उपाय तसा १९४२ सालापासून ठाऊक आहे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं काढलेली असतात, त्यांना असं टक्कल पडत नाही. या उपायाचा फलक कोणत्याच दवाखान्याने अद्याप लावलेला नाही. बाकी सगळ्याचे लागले आहेत. केशरोपण तर इतकं फोफावलं की २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला डॉक्टरांना बजावावं लागलं, हे काम यूट्यूब बघून शिकायचं नसतं. आयोग असं उगाच बजावत नाही.

कोकणी माणूस या उपचारपद्धतीला बिचकत नाही, कारण ती त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्यापासून हात घातला गेला. त्या वेळी ज्यांना भांग पाडायला कंगवा लागत होता, त्यांचं आता नुसत्या पंच्यावर भागतं. दरवर्षी गणपती जवळ आले की खड्ड्याखड्ड्यांत खडी टोचली जाते. मंत्री येतात, पाहणी करतात, फोटो काढतात. चार सरी पडल्या की खडी बाहेर येते आणि चाकरमान्यांची हाडं आत जातात. मग पुढच्या गणपतीला पुढची बैठक. कर आपलाच, खड्डाही आपलाच; पैसे मिळतात मधे फिरवणाऱ्याला.

खालचा थर धरून आहे की नाही, हे दोन्हीकडे कुणी विचारायचं नसतं. विचारलं तर पहिल्याच बैठकीत हिशोब मिटेल आणि मेंटेनन्सचं कंत्राट बुडेल. तरुणाला गुरुजींनी शेवटी एवढंच विचारलं, “तुझी मुळं जिवंत आहेत का, ते कुणी तपासलं?” तो म्हणाला, “ते नाही तपासलं. पॅकेजवर सूट आहे, ती या महिनाअखेरपर्यंतच आहे.”

तरीही एका बाबतीत दवाखान्याला मानलं पाहिजे. सुई हातात घेण्याआधी तो तुमच्याकडून कागदावर सही घेतो: गुण येईलच असं नाही, आला तर टिकेलच असं नाही, आणि दुखेल. महामार्गाने तेवढी लेखी कबुली दिली असती, तर निदान दुखण्यापुरता तरी शब्द पाळला असं म्हणता आलं असतं.