वारा आहे, पाणी पाठवा

मुंबईत १८४६ पासून रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे; मग यवतमाळनेच मागे का राहावं? निळोणा आणि चापडोह, दोन-दोन धरणं शहराच्या उशाशी. शिडाला लागणारा वारा मे महिन्यात हवा तेवढा, तोही भट्टीतून काढलेला. होडीला पाणीही लागतं म्हणे. तेवढीच अडचण.

तरी उन्हाळी क्लब चालतोच. २०१८ साली तर अख्खं शहर त्याचं सभासद होतं. टँकर कोपऱ्यावर वळला की निळे ड्रम, गुंड, कॅन, झोपेतून उठवलेली पोरं, सगळे काठाला. पाईप आधी कोणाच्या ड्रमात, यावर जी शर्यत लागते ती यॉटवाल्यांना झेपायची नाही. सोयरिकीची बोलणी इथेच, तीन पिढ्यांचे उद्धारही इथेच. नेते झेंडी दाखवण्यापुरते येतात. त्यांच्या घरी बोअर असते.

अमृत योजनेतून बेंबळा धरणाचं पाणी शहरात आणायचं ठरलं, तेव्हा क्लब बुडणार अशी धास्ती होती. जुन्या सभासदांनी ड्रम मात्र विकले नाहीत.

नव्यांनी ड्रमावर नाव रंगवूनच आणावं. हरवल्यास क्लब जबाबदार नाही.