कपटी मामा कसे व्हावे : नवशिक्यांसाठी सूचना

दशावतारी नाटक कंपनीत नव्या माणसाला राजपार्ट कोणी देत नाही. स्त्रीपार्टाला गळा लागतो, चाल लागते. उरतो कपटी. ‘त्यात काय, डोळे वटारले की झालं!’ असं वाटत असेल तर पुढच्या सूचना वाचूनच तोंडाला रंग लावा.

१. आधी भीती ठरवा. रंग आपला आपणच लावायचा असतो. भुवया ओढताना आरशाला विचारा, मी कोणाला भितो? कंस बघा. नव्या नवरीचा, म्हणजे बहिणीचाच, रथ हौसेने हाकत होता. देवकीचा आठवा मुलगा तुला मारील, अशी आकाशवाणी झाली आणि भाऊ तुरुंगाचा पहारेकरी झाला. क्रौर्य मागून आलं, आधी घाम फुटला. घाम नसलेला कंस नुसता आरडाओरडा करतो.

२. कारणं दोन ठेवा. एक सांगायचं, एक गिळायचं. शकुनी तोंडाने भाच्याचं हित बोलतो. पोटात काय, ते तुम्ही ठरवा. बहीण आंधळ्या राजाला दिली, हा सल चालेल. बापाच्या हाडांचे फासे व्यासांच्या महाभारतात नाहीत, पण मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, बसलेल्या आजीला ते पक्के ठाऊक असतात. तिला दुखवू नका.

३. भीती दुसऱ्याला विका. मंथरा कैकेयीला भरताचं राज्य नंतर दाखवते. आधी दाखवते ती कौसल्येची दासी झालेली कैकेयी.

४. समोरच्याचं ऐका. सगळ्यात अवघड सूचना हीच, कारण दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद तिथल्या तिथे सुचतात. समजा, तुम्ही म्हणालात, “धर्मराज, क्षत्रियाने आव्हान नाकारावं?” समोरचा मुरलेला नट शांतपणे म्हणतो, “मामाश्री, आव्हान रणातलं. फाशांचं कसलं?” लोक हसतात. द्यूत झालं नाही तर पुढचं आख्यान अडलं! अशा वेळी कच्चा शकुनी गडगडाटी हसतो. पिकलेला आवाज उतरवतो, बाकड्यावरून उठतो. “खरं आहे. मी निघताना सभेत लोक हेच बोलत होते. धर्मराज येतील, पण बसायचे नाहीत.” आता धर्मराजाला बसावंच लागतं. माणसाला कुठे बोचतं हे कळणं, एवढंच कपट. आणि ते कळतं त्याला, ज्याला स्वतःला तिथेच कधीतरी बोचलेलं असतं.

५. संकासुराची नक्कल नको. पूर्वरंगातला काळ्या वेशातला संकासुर वेद चोरूनही मालवणीत बोलून हसवतो. तो मान त्याचा. आख्यानातल्या खलाने ग्रांथिक मराठी सोडायची नाही, मृदंगवाल्यावर राग आला तरी.

६. मालिकेवरून शिकत असाल तर जपून. ‘रात्रीस खेळ चाले’चं चित्रीकरण कोकणातल्या आकेरीत झालं आणि अण्णा नाईकांच्या नुसत्या नजरेने घरोघरी धाक बसला. पण तिथे कॅमेरा डोळ्यांपाशी जातो. मांडावरची शेवटची रांग तुमच्यापाशी येत नाही. तिच्यापर्यंत भीती खांद्यांतून आणि पावलांतून पोचवावी लागते.

७. वेळेवर मरा. युद्धनृत्य रंगलं म्हणून जीव धरून राहू नका. पहाटे खेळ संपताना दहीहंडी फुटायची असते आणि कंपनीला पुढच्या गावची जत्रा गाठायची असते.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मांडावर येऊन बसा. राजाकडे सगळेच बघतात. तुम्ही कपटी गप्प असताना त्याच्या हातांकडे बघा. अर्धं शिक्षण तिथेच होईल.