पंखेवाले भाऊजी

प्रत्येक घराण्यात एक जावई असा असतोच, की विषय कोणताही काढा, तो फिरून फिरून त्याच्याच फाटकाशी येऊन थांबतो. आमच्या भाऊजींचं फाटक म्हणजे गोंदियाचं बिरसी विमानतळ. नोकरी रेल्वेत गार्डची झाली, घर गोंदियात. जीव मात्र एटीआर या पंख्याच्या विमानात.

‘पंख्याचं जुनाट विमान’ असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. लगेच चष्मा काढून पुसायला घेतात. “पंखा बाहेर दिसते म्हणून जुनं का? आत टर्बाइनच आहे ना जी! ते पंखा फिरवते, एवढाच फरक.” मग उजव्या पंख्याच्या ब्रेकची कथा: इंजिन चालू, पंखा उभा, आणि जमिनीवर असताना आतली वीज त्या इंजिनावरच. ही कथा मी साखरपुड्यात ऐकलीय, तेरवीतही ऐकलीय.

बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे. तिची चिमुकली विमानं दिवसभर डोक्यावर घोंगावतात, पण ती भाऊजींच्या खिजगणतीत नाहीत. जेवताना आवाज आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करतात, कान देतात आणि “शिकाऊ आहे,” म्हणत पुढचा घास घेतात. एटीआर असलं, तर हातातला वडा हातातच राहतो आणि स्वारी गच्चीवर.

भाषा अजून रेल्वेचीच. विमान म्हणजे ‘गाडी’. कुणी ओळखीचं निघालं, की पोचवायला हे हजर. आत सोडत नाहीत, तरी कुंपणापाशी उभे राहून बाजूच्याला समजावतात: “मागून चढवतात, कारण सामान पुढं, पायलटच्या पाठीमागं. म्हणून तर उभं असताना शेपटीखाली दांडा लावतात. नाही तर बसंल ना बुडावर!”

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली. प्रवासी विमानाला मात्र १३ मार्च २०२२ उजाडला: इंदूर–गोंदिया–हैदराबाद. भाऊजींनी पेढे वाटले. काही महिन्यांत सेवा बंद पडली, तेव्हा घरात विमानाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. ताई म्हणते, तेवढेच दिवस सुखाचे गेले. मग १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोचं एटीआर आलं, हैदराबादमार्गे तिरुपती. भाऊजी सहकुटुंब जाऊन आले. दर्शन कसं झालं विचारलं, तर ताई फणकारली, “माझं झालं. यांनी बालाजीपेक्षा टायरच जास्त पाहिला.” पंख वर असल्यानं खिडकीतून खाली दुडूदुडू उतरणारं चाक दिसतं, हे म्हणे नेहमीच्या जेटमध्ये मिळायचं नाही.

पुतण्यानं एकदा विचारलं, गोंदियाला मोठं जेट का नाही आणत? भाऊजी खुर्ची ओढून बसले. “लग्नाले सत्तर पाहुणे, अन् मंडप पाचशेचा घालता का? इथं अठ्ठ्याहत्तर सीट भरता भरता दमछाक. हैदराबाद सरळ रेषेत पाचशे किलोमीटर. जेट वर चढते न चढते, तर उतरायची वेळ. वाचणार पंधरा-वीस मिनिटं, अन् तेल किती जळते पाहा.” खरं सांगायचं तर यात खोट काढता येत नाही. लहान गावांना हवाई नकाशावर ठेवायचं असेल, तर अजून बरीच वर्षं पंख्याशिवाय तरणोपाय नाही, हे मलाही पटतं. फक्त ते रात्री अकरा वाजता पटवून घ्यायचं नसतं.

पुढचं विचाराल, तर भाऊजींकडे तेही तयार आहे. जून २०२२ मध्ये स्वीडनमध्ये एक एटीआर दोन्ही इंजिनांत निव्वळ शाश्वत इंधन घालून उडालं. असलं इंधन वापरलेल्या खाद्यतेलापासूनही बनतं, हे त्यांनी कुठंसं वाचलं आणि ताईच्या स्वयंपाकघरावर संक्रांत आली. भज्यांचं उरलेलं तेल फेकायचं नाही. ओट्याखाली बाटल्यांची रांग लागलीय. “घेऊन तर कोण चाललंय?” ताई विचारते. “येतील,” भाऊजी म्हणतात.

सध्या त्यांना एकच घोर: सीट रिकाम्या राहिल्या तर गाडी पुन्हा बंद. म्हणून कॉलनीत वही घेऊन फिरतात. कुणाचा नवस फेडायचा राहिलाय, कुणाच्या नातवाचं जावळ काढायचंय, कुणाची मुलगी हैदराबादला नोकरीला आहे, सगळी नोंद. परवा वही पाहिली. माझं नाव चौथं, पुढं शेरा: ‘खिडकी. चाकाजवळची. पैसे बाकी.’