पित्ताशयाच्या नावानं चांगभलं

वसई-विरार पट्ट्यात पित्ताशयाचे खडे फार वाढलेत म्हणे. निदान रजेच्या अर्जांवर विश्वास ठेवायचा तर तसंच म्हणावं लागेल. वजन शंभरीपार गेलेल्या ज्या कोणी गुपचूप बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवणाऱ्या, सर्जनची पायरी चढली, त्याच्या अर्जात हटकून पित्ताशय निघतं. पित्ताशय आधीच काढून झालं असेल तर हर्निया. सोय अशी की ही सगळी ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच बारीक भोकं तेवढी उरतात. साहेबांनी शर्ट वर करायला लावला तरी बिंग फुटत नाही. फुटतं ते तीन-चार महिन्यांनी, पँट कमरेवर तगेनाशी झाली की. पित्ताशय काढल्यावर तीस किलो उतरतात, हा शोध आमच्याकडच्या कचेऱ्यांतच लागलेला आहे.

खरं कारण का सांगत नाहीत? सांगून बघा. ‘वजनाचं ऑपरेशन’ हे शब्द तोंडातून पडले की समोरच्या साहेबाचा डॉक्टर होतो. ‘अहो, सकाळी सुरुची बागेला चालायला जा की.’ ‘रात्रीचा भात सोडा.’ ‘माझ्या साडूने नुसतं जिऱ्याचं पाणी पिऊन बारा किलो घटवलं.’ आता हाच साहेब हृदयाची बायपास झालेल्या माणसाला भेटायला सफरचंदं घेऊन जातो, आणि तिथे ‘तुम्ही आधी जिने चढायला हवे होते’ असं म्हणत नाही. ब्लॉकेज झालं तर आजार, साखर तीनशेवर गेली तरी आजार, पण या दोघांची आई असलेला लठ्ठपणा मात्र खादाडपणा. लेकरांच्या आजारपणाला रजा आहे, आईला उपदेश.

आणि ही हौस नव्हे हो. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिकच कापून काढतात, उरते एक नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही उतरते. पुढे काही दिवस पातळ पदार्थ, मग मऊ गिळगिळीत, आणि गोळ्या बहुधा जन्मभर. पाच-सहा आठवडे जड उचलायचं नाही. आगाशीच्या भुजिंगचा घमेलाभर बेत ज्याने आयुष्यभर हाणला, त्याने वाटीभर वरणाच्या पाण्यावर पोट भरल्याचं कबूल करायचं. हौसेखातर कोण करेल हे?

वसईच्याच एका बाईंची बातमी 2019 मध्ये गाजली होती. वजन 300 किलो होतं. 2015 आणि 2017 अशा दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या 86 किलोवर आल्या. बातमी घरोघर फिरली, लोकांनी अंगठे वर केले, हात जोडले. आपल्याकडे 300 किलोवाल्याला सहानुभूती आणि 110 किलोवाल्याला टोमणा. मधल्या माणसाने एक तर कमी खावं, नाही तर बातमी होईपर्यंत वाढावं.

पुढाऱ्यांचं बरं असतं. 2011 मध्ये नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष असताना त्यांची ही शस्त्रक्रिया मुंबईत झाली. 2014 च्या सप्टेंबरात अरुण जेटलींची दिल्लीत झाली, तेव्हा अर्थ आणि संरक्षण ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. पुढे त्रास झाला म्हणून त्यांना एम्समध्ये हलवावं लागलं. देशाची तिजोरी आणि तोफा दोन्ही थांबल्या, पण कुणी त्यांचा खाडा धरला नाही. वालीवच्या गाळ्यातला सुपरवायझर तीन दिवस दिसला नाही तर शेठ म्हणतो, लाइन बंद पडली.

2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शोभा डे यांनी एका अवाढव्य पोलिसाचा फोटो टाकून बंदोबस्ताची टर उडवली होती, आठवतं? तो गृहस्थ मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातल्या नीमचचा निरीक्षक निघाला. मग त्याला मुंबईला आणून मोफत ऑपरेशन झालं. देशभर हसू झाल्यावर उपचार, असा हा मार्ग. त्याने आपल्या वजनाचं जे कारण सांगितलं ते मला फार आवडलं. 1993 मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून शरीरातलं इन्सुलिन बिघडलं. एक माणूस तरी पित्ताशयाबद्दल खरं बोलला.

आता कायद्याकडे वळू. तुम्ही वसई रोडच्या एखाद्या मोठ्याशा ऑफिसात किंवा शोरूममध्ये काम करता. तुम्हाला लागू असलेला महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा 2017 चा. त्यात किरकोळ रजा वर्षाला 8, आणि त्या खात्यात पडतात तिमाहीच्या हिशेबाने, म्हणजे एका वेळी 2. वीस दिवस काम केलं की एक भरपगारी रजा, ती साठवता येते 45 पर्यंत. आजारपणाची वेगळी रजा? त्या कायद्यात हुडकून दाखवा, मी सुकेळीचा डबा बक्षीस देईन. मालकाने आपणहून दिली तर त्याची मेहेरबानी. नाहीतर गणपती, गावची जत्रा आणि मेव्हणीचं लग्न यांतून वाचलेले दिवस जठराच्या नावे जमा करत बसा.

सरकारी नोकराचं तंत्र निराळं. तिथे ‘मेडिकल टाकलं’ की झालं. वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी, त्यातल्या दोन मोडल्या की पूर्ण पगाराची एक परिवर्तित रजा. परत येताना फिटनेसचा दाखला जोडायचा. आयुष्यभर जिना चढताना धापा टाकणाऱ्या माणसाला, त्याबद्दल काही करून आल्यावर पहिल्यांदा फिटनेस विचारला जातो.

खरी गंमत मात्र एकवीस हजारांत आहे. ज्याचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत, तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत. त्याचे हप्ते भरलेले असतील आणि ईएसआयच्या डॉक्टरने आजारी ठरवलं, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. पहिले दोन दिवस सोडून द्यायचे. त्या काळात मालकाने त्याला काढू नये, असं कलमच 1948 च्या ईएसआय कायद्यात होतं. आता सातिवलीच्या कंपनीत याच माणसाला बढती द्या, पगार 22,000 करा, टेबलामागे बसवा. ढाल गेली, संगणक आला. मशीनवर उभा राहणारा कामगार कायद्याच्या दृष्टीने तीन महिने आजारी पडू शकतो, दिवसभर बसून पोट सुटलेला कारकून दोन दिवस. वजन वाढवणारी नोकरी आणि रजा घटवणारी नोकरी एकच असावी, हा योगायोग मला तरी सुचला नसता.

मग विमा कंपनी. विमा नियामकाच्या नियमावलीत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला पैसे द्यायचे ते बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 असेल तर, किंवा 35 आणि वर हृदयरोग, आटोक्याबाहेरचा मधुमेह, झोपेत श्वास अडकणं यांपैकी काही. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्येच सांगून ठेवलंय की आपल्या लोकांना कमी वजनावरही हे रोग धरतात, इथली रेघ 37.5 वर ओढा. साडेपाच फुटांच्या आत-बाहेरचा, 165 सेंटिमीटर उंचीचा माणूस घ्या. सर्जनच्या लेखी तो 102 किलोला ऑपरेशनचा पेशंट, विम्याच्या लेखी 109 पर्यंत ठणठणीत. मधले सात किलो त्याने कसे कमवायचे? आगाशी जवळच आहे.

हे सगळं पार पडलं, दोन-तीन आठवडे कशीबशी निभावली, की डॉक्टर लिहून देतात, ‘हलकं काम करण्यास योग्य’. डॉक्टर बिचारे दादरला राहत असावेत. ऑफिसातलं काम हलकंच असतं हो, पण तिथपर्यंत पोचायला विरार लोकल आहे. ताज्या टाक्यांचं पोट घेऊन नालासोपाऱ्याला आठ-बाराच्या गाडीत शिरून दाखवा. दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णाला आणि गरोदर बाईला मुभा आहे, तुम्ही दोन्ही नाही. आता उलटं विरारला जाऊन जागा धरायची म्हटलं तर तिथले लोक पोटापेक्षा आधी तोंड फोडतील. कुठल्याच रजेच्या नियमात प्रवासाचं कलम नाही. नियम करणारे गाडीने जातात, ती वेगळी गाडी.

पंतप्रधानांनी 2025 च्या फेब्रुवारीत ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढली, तेल दहा टक्के कमी खा म्हणाले. तेव्हापासून कंपन्यांना आरोग्य दिनाचा उमाळा आला आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना, ज्यांचे ‘पित्ताशयाचे’ तीन आठवडे बिनपगारी लागले होते, अशाच दिवशी स्टेजवर बोलावलं. एच.आर.च्या मॅडमनी शाल घातली, आता कंपनीची प्रेरणा तुम्हीच, म्हणाल्या, आणि माइक हातात देऊन गुपित विचारलं.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘चालणं. आणि रात्रीचा भात बंद.’

मॅडम म्हणाल्या, ‘सगळ्यांनी लिहून घ्या.’